संध्याकाळच्या प्रार्थनेतली नावं

आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना होते. बाबा डोळे मिटतात आणि नावं घेतात. आधी खानापूरची आत्या, मग तिची मुलं, मग चर्चच्या मंडळीतले आजारी, मग राज्यकर्ते, मग शेजारी. क्रम ठरलेला आहे. लहानपणी मी त्या क्रमावरून ओळखायचे की जेवायला अजून किती वेळ आहे.

माणूस गेलं की त्याच संध्याकाळपासून त्याचं नाव गळतं. मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करत नाही. आई गेली त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, तरी बाबांनी प्रार्थना चुकवली नाही आणि आईचं नाव घेतलं नाही. मी तेव्हा अकरावीत होते. असं का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कौशल्या पोचली. पोचलेल्या माणसासाठी काय मागायचं?"

शेजाऱ्यांमध्ये पहिलं नाव गुंडूअण्णांचं असायचं.

गुंडूअण्णा इकडे या कानडी शहरात, के. आर. पुरमला, आमच्या समोरच्या घरात राहायचे. तेही बेळगावकडचेच. बाबा रेल्वेत फिटर होते, अण्णा ऑटो चालवायचे. ऑटोत समोर खंडोबाचा फोटो आणि त्याच्या खाली भंडाऱ्याची पुडी. त्याच ऑटोतून मी दहावीपर्यंत शाळेत गेले. दर नाताळात आमच्याकडच्या करंज्या सगळ्यात आधी अण्णा खायचे, आणि दोघांचं एकमेकांच्या देवावरून भांडण चालायचं.

"वासू, तुझा देव मेलेल्याला उठवतो म्हणतोस. माझी ऑटो एकदा उठवून दे की."

"तिला आधी ऑइल घाल. आळशी माणसाच्या गाडीसाठी चमत्कार नसतो."

"बघ चंद्रे, कसा बोलतो. म्हणे प्रेमाचा धर्म."

चंद्राक्का म्हणजे अण्णांची बायको, चंद्राबाई. ती दोघांनाही चहा द्यायची आणि म्हणायची, "तुमचे दोन्ही देव कंटाळले असतील. स्वल्प गप्प बसा."

मग अण्णांना घशाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र पूर्ण काढलं. हे मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्वरयंत्र काढलं की श्वास गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून चालतो. फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत पोचत नाही. त्यामुळे आवाज नाही, आणि कुजबूजही नाही. काही जणांना अन्ननलिकेतून बोलायला शिकवतात. अण्णांच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. चंद्राक्काने त्यांच्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला होता. एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सारखं वाजवलं म्हणजे चंद्राक्का, ये.

बाबा रोज सकाळी त्यांची दाढी करायला जायचे. गळ्याच्या भोकावर ओला गॉज धरायचा, फेस आत जाता कामा नये, वस्तरा वरून खाली. रेल्वेच्या इंजिनात हात घालणारा माणूस ते इतक्या हलक्या हाताने करायचा की मी दारात उभी राहून बघत बसायचे. दाढी झाली की अण्णा पेल्यावर एकदा चमचा मारायचे.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या सकाळी खोलीत फक्त बाबा होते. चंद्राक्का स्वयंपाकघरात पेज करत होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी बाबा आमच्या उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले. आमची मराठी मंडळी लहान आहे. एका तमिळ चर्चचा हॉल आम्हाला दुपारी मिळतो, सकाळच्या गर्दीनंतर. थोडी बेळगावकडची जुनी कुटुंबं, बाकी पुण्या-नागपूरहून आयटीत आलेली मुलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उठून सांगायचं. तिची एक ठरलेली चाल असते. आधी अंधार, मग हाक, मग उजेड. लोक त्या चालीतच बोलतात, कारण ऐकणाऱ्यांना तीच ओळखीची असते.

बाबा म्हणाले, "माझा मित्र गुंडू आयुष्यभर दूर राहिला. पण शेवटच्या घटकेला त्याने माझा हात धरला आणि तोंडाने येशूचं नाव घेतलं. मी स्वतः ऐकलं."

सगळे आमेन म्हणाले. मी म्हणाले नाही. परत येताना मी म्हटलं, "बाबा, अण्णांना आवाज नव्हता."

"देवाला काय अशक्य आहे?" ते म्हणाले आणि भाजीवाल्याकडे वळले.

शंतनु नावाचा पुण्याचा मुलगा मंडळीच्या चॅनेलसाठी सगळं रेकॉर्ड करायचा. त्याने बाबांच्या साक्षीखाली हळू संगीत घातलं आणि ती चॅनेलवर टाकली. कित्येक महिने ती कुणी पाहिली नाही. मग कुणीतरी तेवढाच तुकडा कापला, त्यावर 'मरणाऱ्या माणसाला फूस लावून धर्मांतर' असं लाल अक्षरांत लिहिलं आणि तो सगळीकडे फिरला. अण्णांचा पुतण्या शंभूराज ठाण्यात गेला. बाबांवर तक्रार झाली.

शंभूराज आणि मी एकाच गल्लीत वाढलो. तो बोम्मसंद्र्याला पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, मी त्याच रस्त्यावर औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत. आमच्या बसेस एकाच थांब्यावर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे होता.

"तुझ्या बाबांविरुद्ध नाही गं ते," तो म्हणाला.

"मग कुणाविरुद्ध? तक्रारीत नाव त्यांचंच आहे."

"आमच्या ग्रुपमधले सगळे मला विचारतात, तुझा काका कसा काय बाटला. मी काय सांगू? गप्प बसलो तर मीही त्यातलाच."

"तू रोज संध्याकाळी यायचास. अण्णांना बोलता येत नव्हतं, हे तुला माहीत नाही?"

"मला माहितीये. तुझ्या बाबांना नाही का?" तो म्हणाला. "मी नाही म्हटलं तो बोलला म्हणून. त्यांनी म्हटलं."

त्याची बस आली.

ठाण्यात बाबांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि लेखी जबाब आणा म्हणून सांगितलं. मंडळीत दोन तट पडले. आयटीतली मुलं बाबांना भेटायला येऊ लागली. शंतनुने त्यांचा फोटो घालून 'विश्वासासाठी उभा असलेला माणूस' असं काहीतरी बनवलं. जुनी कुटुंबं येईनाशी झाली. तमिळ चर्चने हॉलचं पुढे बघू असं कळवलं होतं, आणि त्याचा राग त्यांना बाबांवर होता. बाबा दोन्ही बाजूंशी सारखंच वागले. म्हणजे कुणाशीच बोलले नाहीत.

निधी ही माझ्या मैत्रिणीची बहीण, नागपूरची, वकील. सर्जापूर रोडला तिच्या घरी आम्ही गेलो. मी अण्णांचं डिस्चार्ज कार्ड चंद्राक्काकडून आणलं होतं. निधीने ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, सिंपल केस आहे ही. स्वरयंत्रच नाही तर माणूस बोलणार कसा? तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या की तो काही बोलला नाही, मी भावनेच्या भरात तसं म्हटलं. पुतण्या तक्रार मागे घेईल. त्यालाही सुटायचंच आहे यातून."

"ते मी लिहिणार नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"नाही लिहिणार."

"काका, खोटं लिहा म्हणत नाहीये मी. खरंच लिहा म्हणतेय. असा क्लायंट मला पहिल्यांदाच मिळालाय."

बाबा हसले नाहीत.

परतताना बस झुलत्या पुलाच्या अलीकडे अडकली. माझ्या मनात होतं की बाबांना हौतात्म्य हवं आहे, आणि त्याचा मला राग आला होता. मी तसं म्हणाले.

"मी त्याला विचारलं होतं," ते म्हणाले. "दाढी झाली होती. मी म्हटलं, गुंडू, आता तरी. एकदा चमचा मार. बाकी काही नको. फक्त एकदा."

"मग?"

"पेला हाताशीच होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं."

"दोनदा नाही वाजवलं?"

"एकदाही नाही, दोनदाही नाही. मी वाट बघत बसलो. मग श्वास थांबला."

पुढची गाडी हलली, आमची बस हलली, पुन्हा थांबली.

"आता तो काही बोलला नाही असं मी लिहिलं," बाबा म्हणाले, "तर तो कुठे गेला हे मी माझ्या हाताने लिहिलं. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, स्वीकारलं तर जीवन, नाही तर नाही. तुझी आई गेली तेव्हा मला शंका नव्हती. आता याच्यापुरती मी शंका कुठून आणू?"

"म्हणून तुम्ही त्याच्या वतीने हो म्हणालात."

"कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. उत्तर न येणं आणि उत्तर नाही असं येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यात काही सापडलं नाही तर आम्ही 'नाही' असं लिहीत नाही, 'आढळलं नाही' असं लिहितो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही. मला स्वतःलाही ते त्या बसमध्ये अपुरं वाटलं.

त्या आठवड्यात चंद्राक्का आमच्याकडे आली. तक्रार झाल्यापासून ती आली नव्हती. दाराशीच उभी राहिली. बाबांनी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"वर्षश्राद्ध जवळ आलंय, वासुअण्णा," ती म्हणाली. "दीर येत नाही म्हणतात. भटजी नको म्हणतोय. त्याचं आम्ही काही करायचं नाही, तो तुमच्यातला झाला म्हणतात. बाटला म्हणतात."

बाबा खाली बघत होते.

"मी तुला वाईट बोलायला आले नाही. तू त्याला न्हाऊ घातलंस, त्याची थुंकी पुसलीस. माझ्या दिरांनी एक दिवस ते केलं नाही. पण तू मला एकदा सांग. मी पेज करत होते. मला चमच्याचा आवाज आला नाही. तो खरंच तुझ्या देवाचं नाव घेऊन गेला काय?"

मी बाबांकडे बघितलं. बसमध्ये ऐकलेलं मी चंद्राक्काला दोन वाक्यांत सांगू शकले असते, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"तो घेऊन गेला असेल तर तसं सांग," ती म्हणाली. "मग मी एकटीच बसेन. ज्याच्या नावाने तो गेला त्याच्या नावाने दिवा लावेन. पण मला माहीत तर पाहिजे की मी कुणासाठी काय करायचं ते."

"नाही," बाबा म्हणाले.

"काय नाही?"

"त्याने नाव घेतलं नाही. मी विचारलं. तो भिंतीकडे वळला. मी उपासनेत खोटं बोललो, चंद्राबाई."

चंद्राक्का तेव्हा खुर्चीत बसली. पदर तोंडाला लावून रडली, आणि मग म्हणाली, "बरं झालं. देवा, बरं झालं." बाबांना दुखवायचं तिच्या मनात नव्हतं. पण मी बाबांचा चेहरा बघितला आणि दुसरीकडे बघू लागले.

जाताना ती दारात थांबली. "भिंतीकडे म्हणशील तर," ती म्हणाली, "तो माझ्याकडेही पाठच करायचा. त्या भोकातून खाकरा यायचा ना, तो कुणाच्या अंगावर उडू नये म्हणून. तुझ्यावर रागावून नसेल गेला."

"सरी, बरं," बाबा म्हणाले. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "नाही गं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं होतं. चांगलं बघितलं."

जबाब त्यांनी त्याच दिवशी लिहिला, निधीने सांगितलं होतं तेवढाच. शंभूराजने तक्रार मागे घेतली. थांब्यावर तो मला म्हणाला, "झालं ना सगळं नीट." मी हो म्हणाले.

बाबांच्या दृष्टीने अजून काही झालं नव्हतं. साक्ष जिथे दिली तिथेच ती मागे घ्यायला हवी होती. आमच्याकडे साक्ष द्यायची रीत आहे, परत घ्यायची नाही. तमिळ चर्चने आणखी एकच रविवार हॉल दिला होता. गीतानंतर बाबा उठले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी मी गुंडूबद्दल जे बोललो ते खरं नव्हतं. त्याला बोलताच येत नव्हतं. त्याने येशूला स्वीकारल्याची कोणतीही खूण मला दिली नाही. मी खोटी साक्ष दिली. मला क्षमा करा." आणि बसले.

कुणी आमेन म्हणालं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खुर्ची सरकवली. योगीराज पाळकांनी पुढच्या गीताचा आकडा सांगितला.

संपल्यावर शंतनु आला. बाबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काका, तुमच्यावर किती प्रेशर आलं असेल, आम्ही समजू शकतो. आम्ही तुम्हाला जज नाही करत."

"प्रेशर नव्हतं रे," बाबा म्हणाले.

"हो हो, काका. समजतंय." तो मान हलवत गेला. तो फोटो त्याने संध्याकाळपर्यंत काढून टाकला होता.

योगीराज पाळक खुर्च्या मिटायला थांबले होते. चांगला माणूस आहे. आईच्या मातीला तेच होते. बाबांनी त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, मग गुंडू आता कुठे आहे?"

पाळकांनी हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. "ते आपल्या हातात नाही, वासुदेवराव. देवाची दया आपल्या हिशेबापेक्षा मोठी आहे. ते त्याच्यावर सोपवावं."

"कौशल्याच्या मातीला तुम्ही असं म्हणाला नव्हता. ती प्रभूजवळ आहे म्हणालात. शंभर माणसांसमोर."

"तिचं वेगळं होतं. ती विश्वासात होती."

"मग याचं सांगा ना."

पाळकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. दारात दुसऱ्या भाषेच्या मंडळीचे लोक येऊन थांबले होते, त्यांच्यातली लहान मुलं आत डोकावत होती. आम्ही उरलेल्या खुर्च्या मिटल्या आणि निघालो.

वर्षश्राद्धाला अण्णांचे दोन्ही भाऊ आले. भटजी आले, शंभूराजने मांडव घातला. आम्हाला बोलावणं नव्हतं. चंद्राक्काने आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं की दिरांसमोर नको, राग धरू नका. बाबा म्हणाले, राग कसला. दिवसभर ते पुढच्या खोलीत बसले. तिथून समोरचं दार दिसतं. पंगती उठल्या, पत्रावळी गेल्या, दुपारी मांडव उतरवला. पाहुण्यांना सोडायला आलेल्या ऑटोवाल्यांपैकी एक अण्णांची जुनी ऑटो चालवत होता. तिला आता हिरवा रंग दिला होता. ती एकाच झटक्यात सुरू झाली, आणि बाबा उठून आत गेले.

दिवेलागणीला आम्ही प्रार्थनेला बसलो. आता आम्ही दोघंच असतो. मंडळी अजून जागा शोधते आहे, आणि जागा सापडली तरी बाबा जातील की नाही मला सांगता येत नाही.

त्यांनी नावं घेतली. खानापूरची आत्या. तिची मुलं. आजारी माणसं. राज्यकर्ते, त्यांच्यासाठीही बाबांनी नेहमीच्याच आवाजात शहाणपण मागितलं. मग शेजारी.

"समोरच्या चंद्राबाई. त्यांना सांभाळ. शंभूराज. त्याला सांभाळ."

मग ते थांबले. मला वाटलं संपलं, आणि मी आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"गुंडू," बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच होते. त्यांनी पुढे काही मागितलं नाही, क्षमा नाही, शांती नाही. काय मागायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मागायचं नसतं हे माहीत होतं. ते नाव घेऊन नुसते बसून राहिले, दाढी झाल्यावर पेल्याच्या आवाजाची वाट बघत बसायचे तसे.

मीही बसून राहिले. आमेन कधी म्हणायचं ते मला कळत नव्हतं.